पाटीच्या दगडावरची द्राक्षं

दारूचा पहिला घोट मी घेतला तो अशा देशात, जिथे दारूला बंदी आहे. आमच्या गावात काजूचा हंगाम आला की वहाळाच्या पाण्यालासुद्धा वास येतो, तिथे मी बावीस वर्षं कोरडा राहिलो आणि कुवेतच्या वाळवंटात जाऊन ओला झालो. अक्कल उलटी बसवलेली असली की असं होतं. गावात न पिण्याचं कारण सोपं होतं, माझ्या वाटणीची बापूस आधीच पिऊन गेलेला. निघताना आईने देवासमोर शपथ घ्यायला लावली आणि शपथेत माडी, काजूची, गुळाची अशी सगळी नावं घेतली. जर्मनीच्या पांढऱ्या द्राक्षांचं नाव घ्यायला ती विसरली. मला तेवढी फट पुरली.

हे माझी भाची लिहून घेते आहे. ती मधेच पेन थांबवून विचारते, मामा, साल कुठलं? मी म्हणतो, लढाई संपून थोडी वर्षं झालेली, अजून काही घरांच्या भिंतींवर गोळ्यांची भोकं होती, ते साल. तिला ते पुरत नाही. मला पुरतं.

आम्ही राहायचो सालमियात, एका चार माळ्याच्या इमारतीत, एका खोलीत. खोलीतली खिडकी एसीच्या डब्याने भरून टाकलेली, त्यामुळे दिवस की रात्र ते बांगेवरून कळायचं. डबा सारखा घरघरायचा आणि त्याखाली ठेवलेल्या बालदीत टप टप पाणी. मला पहिले काही दिवस वाटायचं, बाहेर पाऊस आहे. खरंच एकदा छत्री शोधायला उठलो, तर बाबीने सगळ्या इमारतीला सांगितलं. बाबी म्हणजे आमच्या खोलीतला तिसरा, हॉटेलात भांडी घासायचा आणि घरी आमचा स्वयंपाकी. शुक्रवारी सुट्टी. बाबी बाजारातून बांगडे आणायचा, गावाहून आणलेलं आमसूल मोजून टाकायचा, आणि कढ आला की वरच्या माळ्यावरचे लोक दारं लावून घ्यायचे. आम्ही खुबूस, म्हणजे तिथली ती मोठी मऊ रोटी, त्या बांगड्याच्या तिखल्याच्या रश्श्यात बुडवून खायचो. तांदूळ होता, पण तांदूळ शिजवायला माझी पाळी असायची, आणि मी शिजवलेला भात भिंतीला लावला तर चुना लागला नसता.

खोलीतला दुसरा आणि खरा मालक म्हणजे दाजी. आमच्या वाडीतला गवंडी. पन्नाशी ओलांडलेला, हाडं मोठी, बोलणं कमी. मला व्हिसा त्यानेच मिळवून दिला. कंपनीला त्याने सांगितलं होतं, पोरगा गवंड्याचं काम जाणतो. मी जाणत होतो ते इतकंच, की गवंडी दुपारी भिंतीच्या सावलीत झोपतो.

कंपनी साहेबलोकांच्या व्हिल्यांची डागडुजी करायची. एके दिवशी मला रुमैथियात एका जर्मन साहेबाकडे पाठवलं. समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात तो इंजिनियर. उंच, लाल, बायको-मुलं तिकडे, इकडे एकटा. मागच्या अंगणात त्याने एक द्राक्षाचा वेल लावला होता. कुवेतमध्ये द्राक्षाचा वेल! वीतभर वाढायचा आणि उन्हाळ्यात काडी व्हायचा, पुन्हा थंडीत वीतभर. साहेबाला त्याच्याभोवती कमरेएवढा दगडी चौथरा हवा होता. सिमेंट नको, म्हणाला, मुळं भाजतात.

"यू मेसन?" त्याने मला विचारलं.

"येस सर. बिग मेसन."

दोन दिवस मी दगडावर दगड ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःचं काम बघायला जरा टेकलो, आणि सगळा चौथरा माझ्यासकट आत गेला. वेलाच्या वर दगड, दगडांच्या वर बिग मेसन. साहेब ओरडेल म्हणून मी डोळे मिटून पडून राहिलो. तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसून एक एक दगड बाजूला करत होता, आणि वेलाचं खोड तुटलं नाही ना ते बोटाने चाचपत होता. मला हात द्यायचं त्याला सुचलं नाही, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी मी दाजीला घेऊन गेलो. दाजीने माझे दगड बघितले आणि म्हणाला, "आतम्या, ह्यो चवथरो नाय, ही देवळाची पायरी पडली तशी दिसता. शिरा पडो तुझ्या हातार." मग त्याने कंपनीचा टेम्पो घेऊन दस्मानच्या बाजूला चक्कर मारली. तिथे एक जुनं घर पाडत होते. त्या घराचा समुद्री दगड, भोकाभोकाचा, कोण विचारतो? टेम्पो भरून आणला. आणि आमच्याकडे परड्याला गडगा घालतात तसा गडगा घातला. चिखल नाही, चुना नाही, नुसता दगडात दगड. मोठा खाली, लांबडा आत घुसलेला, फटीत बारका ठोकून बसवलेला, आणि सगळी भिंत आतल्या अंगाला जराशी कललेली. काम झाल्यावर दाजी मला म्हणाला, "आता टेक." मी टेकलो नाही.

साहेब कामावरून आला, भिंतीसमोर उकिडवा बसला आणि फटीफटीत बोट घालून बघू लागला. मग घरात जाऊन एक फोटो घेऊन आला.

फोटोत एक डोंगर होता, इतका उभा की त्यावर शेळी चढायला लाजेल. खाली नदी, सापासारखी वळलेली. आणि डोंगरावर खालून वरपर्यंत द्राक्षं. मांडव नाही. एकेक वेल एकेका उभ्या खुंट्याला बांधलेला, जसे शाळेत बाकावर उभे केलेले पोरगे. मधे मधे दगडाच्या भिंती, पायऱ्यांसारख्या, माती धरून ठेवायला. नदीचं नाव मोझेल. गावाचं नाव त्याने दहादा सांगितलं, माझ्या जिभेला एकदाही जमलं नाही. द्राक्षाचं नाव रीसलिंग. ते जमलं, कारण आमच्या गावात रिसबूड होते.

तिथली जमीन कसली माहीत आहे? पाटीचा दगड. काळा, पापुद्रे निघतात तो. ज्या पाटीला घाबरून मी चौथीतून पळालो, त्या पाटीवर ते लोक द्राक्षं पिकवतात. साहेब सांगायचा, की थंड मुलूख, उन्हाला महाग, म्हणून तो दगड दिवसा ऊन पितो आणि रात्री वेलांच्या पायाशी सोडतो. पावसात दगड वाहून खाली येतो, मग माणसं पाठीवर टोपल्या बांधून परत वर नेतात. त्याचा आजा तेच करायचा, बापूस अजून तेच करतो. साहेबाची पाठ दुखायला लागली तेव्हा तो इंजिनियर झाला. हे तो हसत सांगायचा. पण वरच्या भिंती आता ढासळत होत्या. गडगा घालणारी माणसं मेली, पोरं शहरात गेली. सिमेंटची भिंत घातली की पाणी अडतं आणि भिंतच पोटातून फुटते.

हे मी दाजीला मालवणीत सांगितलं. दाजी फोटो नाकाजवळ धरून बघत होता. म्हणाला, "पाणी वाट मागताच. दगडाक श्वास घेवक व्हयो." मी साहेबाला म्हटलं, "सर, दाजी से, स्टोन वाँट ऑक्सिजन." साहेब इतका खूश झाला की त्याने दाजीचा हात दोन्ही हातांत धरला.

तिथून ते सुरू झालं. साहेब म्हणाला, तुम्ही दोघं चला. तीन महिने. बापाच्या भिंती उभ्या करून द्या. कागदपत्रं मी करतो. त्याने आमच्या पासपोर्टांच्या कॉप्या काढून नेल्या.

मला जर्मनी बघायची होती, बस. मी तर दगड उचलायचा हमाल म्हणून जाणार होतो, तेसुद्धा दाजीने माझी किंमत वाढवून सांगितली म्हणून. पण दाजीचं वेगळं होतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांना प्लास्टर केलं होतं, बाथरूमच्या लाद्या बसवल्या होत्या. गावात गडगे आता कोण घालतो? चिरे आणि सिमेंटचं कंपाऊंड, त्याला लोखंडी गेट, गेटावर नाव. कंपनी पुढच्या खेपेला त्याचा अकामा, तिथे राहायचा परवाना, वाढवणार नव्हती, हे त्याला कळून चुकलं होतं. एकदा जेवताना तो बाबीला म्हणाला, "मराच्या आधी एक भिंत अशी घालूची हा, जी माझ्या मागसून उभी रवात."

बाबी म्हणाला, "दाजीनू, थय थंडी किती ती म्हायत हा काय? मुतलास तरी बर्फाची काठी जाता हातात."

"मगे ती काठी घेवन तुझ्या पाठीत घालतलंय," दाजी म्हणाला. इतकं लांब वाक्य विनोदाचं त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

जुन्या कपड्यांच्या बाजारातून त्याने एक लोकरीचा कोट आणला. काळा, गुडघ्यापर्यंत, कुणा बाईचा असावा, बटणं उलट्या बाजूला. बाहेर पत्रा वितळेल असा उन्हाळा, आणि दाजी एसी मोठा करून त्या कोटात बसून बांगडा खायचा. "कित्याक?" विचारलं की सवय करतो म्हणायचा. आम्ही हसायचो. तो कोट पुढे गावात त्याच्या गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला मी बघितला आहे. तेव्हा नाही हसलो.

एका शुक्रवारी साहेबाने आम्हांला जेवायला बोलावलं. दुपारची नमाज होऊन गेलेली, रुमैथियातले रस्ते सामसूम, कुत्रंसुद्धा गाडीखाली. साहेबाने पडदे ओढले आणि कपाटातून चादरीत गुंडाळलेली एक बाटली काढली. हिरवी, लांब मानेची. मशीनच्या सामानाच्या पेटीतून कशी तरी आलेली. बापाने पाठवलेली, म्हणाला, सगळ्यात वरच्या भिंतीमागच्या वेलांची, कैक वर्षं जुनी. साहेब त्या दिवशी नीट बोलत नव्हता. मला वाटलं, बंदीचा माल आहे म्हणून घाबरलाय. मोठमोठ्या विद्वानांना पण माणूस ओळखता येत नाही, माझं काय घेऊन बसलात.

त्याने तीन ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग गवती चहासारखा. दाजीने ग्लास नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आतम्या, ह्याका रॉकेलचो वास येता."

मी म्हटलं, आता साहेबाचा अपमान कसा करायचा? पण विचारून टाकलं, "सर, केरोसीन?"

साहेब टाळी वाजवून हसला. म्हणाला, बरोबर! जुनी झाली की हिला तोच वास येतो, तीच तिची खूण. जिथे जमिनीखालून तेल निघतं त्या देशात बसून आम्ही रॉकेलचा वास येणारी द्राक्षं हुंगत होतो. मी आईची शपथ आठवली, फट तपासली, आणि घोट घेतला. काय सांगू? आधी आंबट, मग गोड, मग परत आंबट. सोलकढीतला नारळ काढून घेतला आणि थंड दगड चाटला तर तसं काहीतरी. मला फार आवडली असं नाही. पण पोटात एक दिवा लागला.

दाजीने मात्र ओठाला लावली नव्हती. "आधी राखणदाराक," तो म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मोठं काम हातात घेतलं, की हद्दीवर उभं राहून राखणदाराला त्याचा वाटा देतात आणि गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं. राखणदार डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला विसरलं तर काम सरळ जात नाही. वाटा घरात द्यायचा नसतो. हद्दीबाहेर द्यायचा.

मी म्हटलं, "दाजीनू, ह्यो कुवेत आसा. हय खयचो राखणदार?"

"जमीन आसा मा? मगे राखणदार आसा. नाव वेगळा असात."

साहेबाला काय ते समजावता येईना. तो नको नको म्हणून हात करत होता, पण दाजी एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात बाटली घेऊन मागच्या फाटकाबाहेर गेला. बाटली का, तर राखणदाराला काय देतोय ते दाखवावं लागतं. मी त्याच्या मागून. मी न जाऊन कसं चालेल? होय म्हाराजा कोण म्हणणार?

दाजीने पायताण काढलं. तापलेल्या रस्त्यावर उघड्या पायांनी उभा राहिला.

"बा देवा राखणदारा, चारी वाटेच्या धन्या!"

"होय म्हाराजा!"

"तुझी ही लेकरा पोट घेवन परमुलखात इली..."

"होय म्हाराजा!"

"आता आणखी लांब जावची आसत, पाटीच्या डोंगरार भिंत बांधूक. त्या भिंतीक तू राखण रव. तिचो दगड हलूक देव नको. कोणाची नजर, कोणाची करणी असात तर ती..."

"होय म्हाराजा!"

देवाने मला अक्कल दिली नाही, पण गळा दिला. गावात होळीला मी होय म्हाराजा म्हटलं की पलीकडच्या वाडीतले म्हणायचे, झालं वाटतं यांचं. पोटात तो दिवा, समोर दाजीचं ते तोंड, मी मोकळा सुटलो. शेजारच्या घराची खिडकी उघडली. मग कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी आली, अगदी हळू, जशी आम्हांलाच भेटायला निघाली होती. दाजी तेव्हा वाकून ग्लासातली दारू कंपाऊंडच्या भिंतीच्या पायाशी ओतत होता. त्याने गाडी बघितली. थांबला नाही. अर्ध्यावर वाटा सोडता येत नाही.

पोलीस पोरगेलासा होता. "शिनू हादा?" त्याने विचारलं. हे काय आहे? दाजीने बाटली पुढे केली, जसा प्रसाद. पोलिसाने वास घेतला आणि मान मागे घेतली. मला वाटलं, रॉकेल समजून सोडतो की काय. सोडलं नाही.

फाटकात साहेब येऊन उभा राहिला होता. पोलिसाने इंग्रजीत विचारलं, ही बाटली तुमच्या घरातली? साहेबाने दाजीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्याने भिंतीकडे बघितलं. म्हणाला, "आय डोंट नो धिस बॉटल." आयुष्यात पहिल्यांदा मला एक इंग्रजी वाक्य अख्खंच्या अख्खं समजलं. एकही शब्द सुटला नाही.

दाजीने मला विचारलं, "काय म्हणता तो?"

"बाटली त्याची नाय म्हणता."

 पायताण घालू देता का, एवढं दाजीने पोलिसाला खुणेने विचारलं.

पुढचं मी सांगत बसत नाही. मार थोडा खाल्ला, बहुतेक मीच, कारण मी मधे मधे हसत होतो. भीती वाटली की मला हसू येतं, अजून येतं. कंपनीने हात झटकले. परत पाठवायच्या आधी माणसांना ठेवतात त्या तुरुंगात आम्हांला टाकलं. मोठी खोली, बंगाली, श्रीलंकेचे, आपले केरळचे, सगळे भिंतीला पाठ लावून. दाजी भिंत बघायचा. प्लास्टर कुठे फुगलंय ते मला दाखवायचा. रोज म्हणायचा, "साहेब येतलो. भिंत त्याच्या बापाशीची आसा. कागद थयसून इलो की हयच्यांका काय पडलीहा, गावाक धाडला काय नि जर्मनीक धाडला काय." मी हो म्हणायचो. कायद्याचं मला माझ्या भाताएवढंच ज्ञान.

साहेब खरंच आला. मधे जाळी, बाजूला शिपाई. हातात बिस्किटांचा डबा. तो आल्या आल्या बोलत सुटला. त्याच्यावर ठपका आला असता तर नोकरी गेली असती, दोन मुलं शाळेत आहेत, त्याला झोप लागत नाही. सॉरी, सॉरी. दाजी बिस्किटांकडे बघत होता. म्हणाला, "ता ऱ्हवांदे. विचार त्याका, भिंतीचा काय झाला? थंडीच्या आधी जावक व्हया."

मी विचारलं, "सर, फादर वॉल? व्हेन गो?"

 साहेबाने खाली बघून, अगदी हळू, माझ्यासारख्याला कळेल असं सांगितलं. डोंगर विकला. बापाला चढवत नव्हतं. घेणाऱ्याला द्राक्षं नकोत, तो तसाच सोडणार, रान वाढेल. विक्री आमच्या त्या शुक्रवारच्या आधीच झाली होती. बाटली शेवटची म्हणून आली होती. त्या दिवशी जेवण झाल्यावर तो आम्हांला सांगणारच होता.

मी दाजीला सांगितलं. मला वाटलं, आता हा जाळीला डोकं आपटेल. दाजी जाळीपर्यंत गेला, पण आवाज चढवला नाही. घरी हिशेबाने बोलावं तसा बोलला.

"सांग त्याका. पोलिसाक तू काय सांगलंस ता मी गिळलंय. तुझ्याय घरात खाणारी तोंडा असतली. पण डोंगर विकलो ता माका आधी सांगूक व्हया होता. मी गाऱ्हाणा घातलंय. नसलेल्या भिंतीसाठी देवाक हाक मारलंय, त्याका पाजलंय, तू राखण रव म्हणान सांगलंय. आता तो थय गेलो असतलो, नि थय भिंतच नाय. मी त्याका खयच्या तोंडान परत बोलवू? सांग त्याका, ह्या त्याने बरा नाय केल्यान."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. शिपाई यल्ला यल्ला करत होता, चला, आटपा. मी तोंड उघडलं. गाऱ्हाण्याला इंग्रजीत काय म्हणतात? राखणदाराला काय म्हणतात? नसलेल्या भिंतीला काय म्हणतात? माझ्याकडे होते ते शब्द मी कंपनीच्या फाटकावर आणि व्हिल्यांच्या अंगणांत गोळा केलेले, सगळे मिळून खिशात मावतील इतके. त्यातले हाताला लागले ते काढले.

"सर, दाजी से, वॉल... नो प्रॉब्लेम."

साहेबाने डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, लाल तोंड जरा माणसासारखं झालं. "थँक यू," म्हणाला, "टेल हिम, थँक यू." बिस्किटांचा डबा शिपायाकडे दिला आणि हलक्या पावलांनी निघून गेला.

दाजी जाळी धरून उभा होता.

"काय म्हणालो तो?"

"थँक्यू म्हणालो."

दाजीने माझ्याकडे मान वळवली.

"कित्याक?"